दार उघडणारे आणि दार लावून घेणारे : हार्लेमच्या टेन बूम कुटुंबाचे आपण काय करायचे?



यवतमाळच्या आमच्या अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात भांडण झाले. भांडण म्हणजे आवाज चढले, एक जण चप्पल घालून विहाराच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि चहा आल्यावर परत आला. कारण एक पुस्तक. आमच्यात येणारा एक पोरगा ख्रिस्ती घरातला आहे. त्याचे पणजोबा महारवाड्यातून मिशनकडे गेलेले. या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनचे काम जुने आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ ते १९८३ यवतमाळातच होती, मग पुण्याला गेली. या पोराच्या घरात जुन्या इंग्रजी पुस्तकांची पेटी आहे. त्यातले कॉरी टेन बूम या डच बाईचे 'द हायडिंग प्लेस' त्याने वर्गात आणले. जर्मनांनी हॉलंड बळकावले तेव्हा तिच्या कुटुंबाने ज्यूंना घरात लपवले, त्याची ही हकीकत. पुस्तक १९७१ चे.

त्याने अर्धा तास सांगितले. मग मागून आवाज आला, "भाऊ, हे आपल्याले काय कामाचं? चांगल्या ख्रिश्चनाची गोष्ट चर्चमध्ये सांग. आपल्या गावात कोणाचं दार उघडलं होतं, ते सांग."

प्रश्न खरा होता. म्हणूनच हा लेख. आमचे मत असे झाले आहे की ही गोष्ट आपल्या कामाची आहे. पण ती जशी नेहमी सांगितली जाते, तशी नाही.

आधी हकीकत. ॲमस्टरडॅमपासून वीसेक किलोमीटरवर हार्लेम नावाचे शहर. तिथे एका अरुंद रस्त्यावर टेन बूम घराण्याचे घड्याळाचे दुकान, १८३७ पासूनचे. खाली दुकान, वर घर. १९४० साली दुकानात बसायचे कॅस्पर टेन बूम, वय ऐंशीच्या पुढे. सोबत दोन अविवाहित मुली, बेट्सी आणि कॉरी, दोघी पन्नाशीच्या आसपासच्या. कॉरी नेदरलंड्समधली परवाना मिळालेली पहिली महिला घड्याळजी. म्हणजे जमीनदार नाहीत, पुढारी नाहीत, बंदूकवाले नाहीत. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात बाजाराच्या तोंडाशी ज्या प्रकारचे कारागीर कुटुंब असते, त्यातले हे.

१० मे १९४० ला जर्मन फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत देश शरण गेला. पुढे जे झाले ते तलवारीने कमी आणि कागदाने जास्त झाले. इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण 'नाझी म्हणजे राक्षस' एवढ्यावर आपली पोरे थांबतात आणि कारकुनाकडे त्यांचे लक्ष जात नाही.

ऑक्टोबर १९४० मध्ये सरकारी नोकरांना एक फॉर्म भरायला दिला : आपल्या घराण्यात कोणी ज्यू आहे का? जवळपास सगळ्यांनी सही केली. तहसीलदारापासून मास्तरापर्यंत. पुढच्या महिन्यात ज्यू नोकर बडतर्फ झाले. त्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष लोडेवेइक व्हिसर हेही होते. बाजूला बसणारे न्यायाधीश गप्प राहिले. जानेवारी १९४१ मध्ये प्रत्येक ज्यूने नावनोंदणी करावी असा हुकूम निघाला. मे १९४२ पासून छातीवर पिवळा तारा आला. गाड्या जुलैत सुटू लागल्या. वेस्टरबोर्क छावणीपर्यंत माणसे पोचवली ती डच रेल्वेने, पैसे घेऊन. त्या रेल्वेने माफी मागितली २००५ साली. पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने माफी मागितली २०२० साली. तोवर मरणारे मेले होते आणि वाचलेलेही बहुतेक संपले होते.

आकडे लक्षात ठेवा. नेदरलंड्समध्ये ज्यू सुमारे १,४०,०००. मारले गेले सुमारे १,०२,०००. दर चारांतले जवळपास तीन. पश्चिम युरोपात एवढे प्रमाण कुठे नाही. आणि हा देश युरोपातला शांत, सहिष्णू, कायदा पाळणारा म्हणून नावाजलेला. कायदा पाळणारा होता म्हणूनच नोंदवह्या चोख होत्या आणि ओळखपत्राची नक्कल करणे अवघड होते. बाबासाहेब 'जातिनिर्मूलना'त काय सांगतात? हिंदू जात पाळतो तो दुष्ट आहे म्हणून नव्हे, तो धर्मनिष्ठ आहे म्हणून. चूक माणसाच्या स्वभावात शोधू नका, त्याने पवित्र मानलेल्या नियमात शोधा. डच कारकुनाला ज्यूंचा द्वेष नव्हता. त्याला फक्त फाईल पूर्ण करायची होती.

विरोध झालाच नाही असेही नाही. लायडन विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक क्लेव्हरिंगा यांनी २६ नोव्हेंबर १९४० रोजी आपल्या बडतर्फ ज्यू सहकाऱ्याच्या जागी उभे राहून भाषण केले. विद्यार्थ्यांनी संप केला, विद्यापीठ बंद झाले, क्लेव्हरिंगा तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ट्रामवाल्यांनी आणि गोदी कामगारांनी ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध सार्वत्रिक संप केला. कामगारवर्गाने ज्यूंसाठी शहर बंद पाडले! दोन दिवसांत गोळ्या घालून तो मोडला गेला. त्यानंतर उघड विरोधाचा रस्ता जवळजवळ संपला आणि उरली ती घरांची दारे.

टेन बूम यांचे दार मे १९४२ मध्ये पहिल्यांदा वाजले. एक ज्यू बाई हातात सूटकेस घेऊन उभी होती. तिने ऐकले होते की या कुटुंबाने शेजारच्या एका ज्यू दुकानदाराला मदत केली होती. म्हाताऱ्याने तिला आत घेतले. दोन दिवसांत आणखी दोघे आले.

इथपर्यंतची गोष्ट दयेची आहे असे म्हणता येईल. पुढची तशी नाही.

कारण दयेने पोट भरत नाही. युद्धात सगळे अन्न रेशनकार्डावर होते आणि ज्यूला कार्ड नव्हते. लपलेल्याला खायला घालायचे तर चोरीचे कार्ड हवे. कॉरी गेली एका ओळखीच्या माणसाकडे, जो अन्नपुरवठा कार्यालयात नोकरीला होता. ओळख कशी? त्याची एक मुलगी मतिमंद होती आणि कॉरी गेली वीसेक वर्षे अशा मुलांसाठी दर आठवड्याला प्रार्थनावर्ग चालवायची. तिला पाच कार्डे मागायची होती. ती लिहिते की तोंडातून शंभर निघाले. त्या माणसाने आपल्याच कार्यालयावर खोटा दरोडा घडवून आणला, स्वतःला मार खाल्लेला दाखवला आणि कार्डे बाहेर काढली.

कार्यकर्त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. संकट आल्यावर संघटना बांधता येत नाही. ज्या पोरांकडे कोणी पाहत नव्हते त्यांच्यासाठी वीस वर्षे विनाबोभाट काम केले, म्हणून त्या दिवशी एक दार कॉरीसाठी उघडले. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिका, महिला मंडळ, वधूवर मेळावा, मयताला खांदा, याला जे 'फालतू काम' म्हणतात आणि फक्त मोर्चाला येतात, त्यांना हे ऐकवा.

मग खोली बांधली. भूमिगत चळवळीतल्या एका वास्तुरचनाकाराने घर पाहिले आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, कॉरीच्या झोपायच्या खोलीत, खोटी भिंत घालायची ठरवली. विटा आल्या कामगारांच्या दप्तरातून, वर्तमानपत्रात गुंडाळून. अवजारे तशीच. भिंतीमागे जागा उरली जेमतेम अडीच फूट खोल, माणूस आडवा उभा राहील एवढी. आत जायला कपाटाच्या तळाशी सरकती फळी. घरात घंटेची बटणे बसवली. दुकानाच्या खिडकीत 'अल्पिना' घड्याळांच्या जाहिरातीची त्रिकोणी पाटी. पाटी दिसली तर घर सुरक्षित, नसेल तर पुढे चालू पडा.

आणि सराव! कुठल्याही वेळी घंटा वाजायची आणि लपलेल्यांनी ताट, पेला, ॲशट्रे, कपडे उचलून वर पळायचे. रात्री उठताना गादी उलटी करायची, नाहीतर हात लावणाऱ्याला ऊब कळते. सुरुवातीला कित्येक मिनिटे लागत. घासून घासून वेळ एक-सव्वा मिनिटावर आणली.

घरात राहणाऱ्यांत एक होता ॲमस्टरडॅमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारा. त्याला दुसरे कोणी ठेवून घेईना, कारण त्याचा चेहरा फार 'ज्यू' दिसायचा. आपल्याला हे कळायला वेळ लागत नाही. भाड्याने खोली शोधताना आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा बदलतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे, आणि 'आमचं काही नाही, पण शेजारी...' हे वाक्यही ऐकले आहे. टेन बूम यांनी त्याला घेतले. घरात ख्रिस्ती कुटुंब राहत होते आणि तरी त्या हिवाळ्यात तिथे हनुक्काचे दिवे लागले. म्हाताऱ्याचे बायबल पक्के होते, पण ज्याला आसरा दिला त्याला आधी बाप्तिस्मा घ्या असे त्याने म्हटले नाही.

एक प्रसंग मात्र सगळ्यात मोलाचा. एक पाद्री घड्याळ दुरुस्तीला दुकानात आला. कॉरीने धीर करून विचारले, एका ज्यू आईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला तुम्ही ठेवाल का? ती आत जाऊन बाळ घेऊन आली. पाद्री क्षणभर वाकला, मग मागे सरला. या पोरापायी आमचा जीव जाईल, असे म्हणाला. तेव्हा म्हातारा कॅस्पर पुढे आला, बाळ घेतले आणि म्हणाला की या बाळासाठी जीव गेला तर तो माझ्या घराण्याचा मान होईल.

पाद्री आणि घड्याळजी. दोघांचे पुस्तक एकच, देव एकच. मग फरक कुठला? आमच्या वर्गात कोणी म्हणाले, फरक धर्माचा नाही, माणसाचा. एवढे सोपे नाही. टेन बूम घरात ज्यूंबद्दल आदर शंभर वर्षे शिकवला जात होता. कॅस्परच्या वडिलांनी १८४४ मध्ये ज्यूंसाठी प्रार्थनासभा सुरू केली होती. थोरला भाऊ विलेम पाद्री होता. त्याने १९२७ साली जर्मनीत वंशवादी ज्यूद्वेषावर प्रबंध लिहिला होता, म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या सहा वर्षे आधी. तिकडून पळून आलेले ज्यू त्याच्या हिल्व्हर्समच्या वृद्धाश्रमात तीसच्या दशकापासूनच राहत होते. हा 'चांगुलपणा' आकाशातून पडलेला नव्हता. घरात कोणती शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, याचा तो परिणाम. आणि आपल्याकडे? ज्या घरात पोराला चौथ्या वर्षी कळते की कोणाच्या हातचे पाणी प्यायचे नाही, त्या घराचे दार चाळिसाव्या वर्षी अर्ध्या रात्री कसे उघडेल?

चर्चचेही पाहा. जुलै १९४२ मध्ये डच चर्चांनी मिळून निषेधाची तार पाठवली. जर्मनांनी दम दिला : हे व्यासपीठावरून वाचायचे नाही. टेन बूम ज्या रिफॉर्म्ड चर्चचे, त्याच्या नेतृत्वाने माघार घेतली. कॅथलिक बिशपांनी २६ जुलैला पत्र वाचले. आठवड्याने, २ ऑगस्टला, सूड म्हणून ज्यू घराण्यात जन्मलेल्या कॅथलिकांची धरपकड झाली. त्यात एडिथ स्टाइन होती : ज्यू म्हणून जन्मली, तत्त्वज्ञानाची विदुषी, १९२२ मध्ये ख्रिस्ती झाली, पुढे संन्यासिनी. मठातून उचलली आणि ९ ऑगस्टला ऑशविट्झमध्ये गॅसने मारली.

वीस वर्षांपूर्वी धर्म बदलला होता. नाझी कायद्याने विचारले फक्त आजी-आजोबा कोण होते. आपल्या ख्रिस्ती मित्राने इथे पुस्तक मिटले आणि म्हणाला, "आमच्या पणजोबानं धर्म बदलला. गावानं जात नाही बदलली. आणि सरकारनं सवलत काढून घेतली." १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाबद्दल तो बोलत होता. त्या आदेशात फक्त हिंदू बसत. शीख १९५६ ला आले, आपण बौद्ध १९९० ला, ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर. गावाला तो अजून महारच आणि कागदाला तो महार नाही. ज्यांनी 'चर्चमध्ये सांग' म्हटले होते, ते यावर काही बोलले नाहीत.

आणखी एक वाद, तो पंचशीलाचा. कॉरीची विवाहित बहीण नोली हिनेही घरात एक ज्यू तरुणी ठेवली होती. तपासणीला आलेल्यांनी विचारले, ही ज्यू आहे का? नोली कधीही खोटे बोलत नसे. हो म्हणाली. दोघींना नेले. पुढे भूमिगतांनी त्या तरुणीला इतर काहींसह सोडवले, म्हणून ती वाचली. कॉरी मात्र रेशनकार्डापासून भिंतीपर्यंत रोज खोटे वागत होती. आमच्या वर्गात एक ताई म्हणाल्या, "मुसावादा वेरमणी म्हणजे खुन्याला पत्ता सांगायचा का?" आम्ही ताईंच्या बाजूचे. शील हे दुसऱ्याचे दुःख कमी करण्यासाठी आहे, आपली वही कोरी ठेवण्यासाठी नाही. नोली शूर होती, सात आठवडे तुरुंगात राहिली. पण तिच्या सत्याची किंमत दुसरीने मोजली असती.

२८ फेब्रुवारी १९४४. एक अनोळखी डच माणूस दुकानात आला. बायकोला पकडले आहे, सोडवायला सहाशे गिल्डर लाच द्यायची आहे, म्हणाला. कॉरीला ताप होता. तिने पैशांची सोय केली. तो खबऱ्या होता. ज्यू पकडून देणाऱ्यांना तिथे दरडोई साडेसात गिल्डर बक्षीस मिळायचे. १९४३ मध्ये एका टोळीने तेवढ्यावर हजारो माणसे विकली. त्या संध्याकाळी धाड पडली. बेट्सीने खिडकीतली पाटी पाडली, पोलिसाच्या लक्षात आले, त्याने ती परत उभी केली. त्यामुळे येत राहिलेले तीसेक लोक एकेक करून सापडले.

भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत. चार ज्यू, दोन भूमिगत कार्यकर्ते. जवळपास दोन दिवस, अन्नपाण्यावाचून, उभे. बाहेर पहारा. मग पहाऱ्यावर शहराचे साधे पोलीस आले, त्यात चळवळीचे लोक होते, आणि त्यांनी त्यांना रात्री काढून दिले. भिंत टिकली. बांधणाऱ्या हातांची नावे फारशी कोणी घेत नाही.

कॅस्परला म्हातारा म्हणून सोडायची तयारी होती. पुन्हा असे करणार नाही एवढे कबूल करायचे. तो म्हणाला, घरी पाठवाल तर उद्या पुन्हा जो दार वाजवेल त्याला दार उघडेन. ९ मार्च १९४४ ला, अटकेनंतर दहा दिवसांत, तो कैदेत मेला. वय ८४. बेट्सी आणि कॉरी आधी तिथल्याच तुरुंगात, मग फुख्तच्या छावणीत, सप्टेंबरात जर्मनीत राव्हेन्सब्रुकला. बेट्सी तिथे १६ डिसेंबरला मेली. कॉरी त्याच महिन्याच्या अखेरीस सुटली. कारकुनी चुकीमुळे, असे ती सांगते. विलेमचा मुलगा बर्गन-बेल्सनमध्ये गेला. विलेम तुरुंगातून आजारी आला आणि १९४६ ला गेला. घड्याळजीच्या घराने चार माणसे मोजली.

आता आमचे आक्षेप. लपवून ठेवणार नाही.

पहिला असा की ही गोष्ट फार सांगितली जाते. कशासाठी? इस्रायलच्या याद वाशेमने असे पाच हजारांहून अधिक डच नागरिक सन्मानले आहेत. संख्या मोठी वाटते. नव्वद लाखांच्या देशात ती किती, हे विचारा. एका टेन बूमच्या आड लाखो सह्या करणारे लपतात. आपल्याकडे हेच होते : कोणी आगरकर, कोणी परांजपे, कोणी सहभोजनवाला ब्राह्मण दाखवतात आणि 'सगळे तसे नव्हते' म्हणतात. सगळे तसे नव्हते हे आम्हाला माहीत आहे. बाबासाहेबांसोबत महाडला चित्रे होते, टिपणीस होते, सहस्रबुद्धे होते. आम्ही त्यांची नावे आदराने घेतो. पण अपवादाच्या नावाने नियमाला माफी नाही.

दुसरा क्षमेचा. कॉरी युद्धानंतर जगभर क्षमेचा प्रचार करत फिरली. राव्हेन्सब्रुकचा एक पहारेकरी तिला १९४७ मध्ये म्यूनिकला भेटला आणि तिने त्याचा हात धरला. तिची बहीण तिथे मेली होती, तिचा तिला अधिकार. ज्या एक लाख दोन हजारांना परत यायला मिळाले नाही, त्यांच्या वतीने क्षमा करायला कोणीच उरलेले नाही. आपल्याला गावोगाव 'झालं गेलं विसरा, समेट करा' सांगणारे भेटतात, गुन्हा मागे घ्या म्हणणारे भेटतात. ॲट्रॉसिटीचा खटला हा फिर्यादीचा एकट्याचा हिशेब नसतो.

तिसरा आक्षेप कॉरीवर नाही, आपल्या देशावर आहे. भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, हे आपण फार अभिमानाने ऐकतो. कोकणातल्या बेने इस्रायलींना गावाने काय नाव दिले? शनिवार तेली. तेल गाळतात आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात, म्हणून. छळ झाला नाही कारण उतरंडीत त्यांना एक खाना मिळाला. तो खाना गावात होता. गावकुसाबाहेर आपण होतो. आपल्या एका हस्तलिखिताला बाबासाहेबांनी 'अस्पृश्य किंवा भारताच्या घेट्टोची मुले' असे नाव दिले, ते उगाच नाही.

आणि जर्मनीत ज्यूंची देवळे जाळली गेली त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९३८ मध्ये, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये ज्यूंना सल्ला दिला : सत्याग्रह करा, स्वेच्छेने दुःख सोसा. त्याच लेखात त्यांनी ज्यूंना ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य म्हटले. तुलना बरोबर होती, औषध चूक. सोसा हे ज्याला सांगायचे त्याला आधी विचारायला हवे की किती सोसले. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, इथून दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरातून गोळवलकरांच्या नावाने 'वी ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड' प्रसिद्ध झाले. जर्मनीने वंशशुद्धीसाठी ज्यूंना हाकलले यात हिंदुस्थानने घेण्यासारखा धडा आहे, असा त्यातला आशय. म्हणजे हार्लेम दूर नव्हते. हार्लेममधल्या खबऱ्याचा विचार आपल्या जवळच छापून विकला जात होता.

आता तो मूळ प्रश्न. आपल्यासाठी कोणाचे दार उघडले?

२० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचे पाणी पिऊन लोक परतत होते. गावात अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. सवर्णांचा जमाव काठ्या घेऊन निघाला. मंडपात जेवत असलेल्यांवर हल्ला, रस्त्यात एकटेदुकटे दिसले त्यांना मार. त्या दिवशी आपल्या किती तरी माणसांनी जीव वाचवला तो मुसलमानांच्या घरांत शिरून. दारे उघडली गेली, माणसे आत घेतली गेली. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तेव्हा सवर्णांनी जागा मिळू दिली नाही. जागा दिली फत्तेखान यांनी. मनुस्मृती ज्या जमिनीवर जळली ती जमीन एका मुसलमानाने दिली होती. २५ डिसेंबरला आपण दरवर्षी पोस्ट टाकतो. त्यात हे नाव किती जण लिहितात?

आज त्याच समाजाच्या घरावर बुलडोझर गेला की आपल्यातलेच काही जण टाळ्या वाजवतात. आम्ही पाहिले आहेत. तेव्हा दुसऱ्याचे दार बंद का, असे विचारताना स्वतःच्या दाराकडेही पाहू. आणि खैरलांजी विसरू नका. २९ सप्टेंबर २००६, एका कुटुंबातले चौघे मारले गेले, जंगलात नाही, गावात. गावात घरे होती, घरांना दारे होती.

त्या रविवारी आम्ही ठरवले की पुस्तकातले पुरे. प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचे : बहिष्कार पडला, मारहाण झाली, तेव्हा दार कोणी उघडले आणि कोणी लावले? दोन वह्या केल्या. लावणाऱ्यांची वही एका महिन्यात भरत आली. उघडणाऱ्यांच्या वहीत आजवर नऊ नोंदी आहेत.

एक नोंद अशी. दारव्ह्याकडच्या एका पोराची आजी सांगते की तिच्या तरुणपणी गावाने बौद्ध वस्तीवर बहिष्कार टाकला होता, मेलेली ढोरे ओढायला नकार दिला म्हणून. किराणा बंद, मजुरी बंद, गिरणीवर दळण बंद. ज्वारी होती, पीठ नव्हते. गिरणीवाला दिवसा त्यांना हाकलायचा, सगळ्यांदेखत, शिव्या घालून. रात्री गिरणी चालवली तर आवाज होतो, म्हणून तो बायकोकडून घरच्या जात्यावर दळून घ्यायचा आणि पहाटे पिठाचे डबे नाल्याच्या काठी ठेवून जायचा. बावीस दिवस. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले आणि त्याच्या पोरीचे ठरलेले लग्न मोडले.

आजीला त्याचे नाव आठवत होते, आडनावासकट. आम्ही वहीत लिहून घेतले आहे. इथे लिहीत नाही. त्याची नातवंडे अजून त्याच गावात राहतात.